बेडकाचा ऑप्टिक लोब माणसात गेला कुठे?

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: बेडकाच्या मेंदूत मधोमध दोन ठळक ऑप्टिक लोब दिसतात. माणसात मात्र बघण्याचे काम डोक्याच्या मागच्या ऑक्सिपिटल लोबमध्ये चालते, असे पुस्तक सांगते. मग ऑप्टिक लोबच उत्क्रांतीत मागे सरकून ऑक्सिपिटल लोब झाला का? आणि झाला नसेल, तर माणसातला ऑप्टिक लोब गेला कुठे?

प्रश्न चांगला आहे, कारण ही समजूत मी बत्तीस वर्षांत पदवीच्या जवळजवळ प्रत्येक वर्गात पाहिली आहे. शिकवणाऱ्यांतही पाहिली आहे.

ऑप्टिक लोबचा ऑक्सिपिटल लोब झालेला नाही, आणि तो कुठे गेलेलाही नाही. जिथे होता तिथेच, मध्यमेंदूच्या छपरावर, तो आजही बसला आहे. फक्त आपल्यात मोठा मेंदू इतका फुगला आणि मागे पसरला की वरून बघणाऱ्याला तो दिसत नाही. शिवाय माणसात येताना त्याचे नाव बदलले. बेडूक, मासा, पक्षी यांच्यात तो ऑप्टिक टेक्टम आणि सस्तन प्राण्यांत सुपीरियर कॉलिक्युलस. टेक्टम म्हणजे लॅटिनमध्ये छप्पर, कॉलिक्युलस म्हणजे छोटे टेकाड. एकाच घराचे हे दोन पत्ते आहेत.

पटत नसेल तर खाटकाकडून बकऱ्याचा भेजा आणा. तुकडे न करता अख्खा द्यायला सांगा. ताजा भेजा लोण्यासारखा असतो, बोट लावले की फाटतो, म्हणून प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनमध्ये आठवडाभर घट्ट होऊ द्या. मग मोठ्या मेंदूची मागची कड एका अंगठ्याने पुढे आणि लहान मेंदू दुसऱ्या अंगठ्याने मागे, असा हलका ताण द्या. मधल्या फटीत चार टेंगळे दिसतील. पुढची दोन मोठी, ती सुपीरियर कॉलिक्युलस. मागची दोन लहान, ती इन्फीरियर, आणि ती ऐकण्याच्या वाटेवरची आहेत. पुढच्या दोघांच्या समोर मधोमध पिनियल ग्रंथीचा दाणा. जुन्या प्रॅक्टिकलच्या वहीत बेडकासाठी ‘कॉर्पोरा बायजेमिना’ आणि सशासाठी ‘कॉर्पोरा क्वाड्रिजेमिना’ असे पाठ करून घ्यायचे, ते हेच. दोनाचे चार झाले असे मुले लिहीत. प्रत्यक्षात बेडकातही ऐकण्याचा भाग असतोच, तो आत दबलेला असतो इतकेच. कुत्र्यामांजरांत मागची टेंगळे तुलनेने मोठी आणि शेळ्यामेंढ्यांत पुढची मोठी, एवढा फरकही डोळ्यांनी दिसतो.

आता दोन जागा एकच आहेत हे ठरवायचे कसे? दिसण्यावरून नाही, नावावरून तर मुळीच नाही. ‘ऑप्टिक लोब’ हे नाव माशीच्या मेंदूलाही लावतात आणि ऑक्टोपसच्याही. ऑक्टोपसचे ऑप्टिक लोब मधल्या मेंदूच्या बाहेर, डोळ्यांच्या मागे लटकलेले असतात. त्यांच्या बाहेरच्या थरांची रचना आपल्या रेटिनाशी, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याशी, इतकी मिळतीजुळती, की स्पॅनिश चेताशास्त्रज्ञ काहाल यांनी त्याला ‘खोल रेटिना’ म्हटले होते. तरीही बेडकाच्या टेक्टमशी त्याचा रक्ताचा संबंध नाही. दोघांची कामे सारखी, वंश वेगळे.

आम्ही तीन गोष्टी बघतो. पहिली, गर्भात मेंदूची सुरुवात ज्या नळीने होते, तिच्या कोणत्या तुकड्यातून तो भाग उगवतो. टेक्टम आणि कॉलिक्युलस दोन्ही मध्यमेंदूच्या वरच्या भिंतीतून येतात, ऑक्सिपिटल कॉर्टेक्स, म्हणजे त्या लोबचा बाहेरचा थर, मात्र अग्रमेंदूच्या छपरातून. नळीचे तुकडेच वेगळे, त्यामुळे सरकण्याचा प्रश्न तिथेच संपतो. दुसरी, तारा कुठून येतात: दोन्हींच्या वरच्या थरांत रेटिनाचे तंतू थेट, मध्ये न थांबता उतरतात. ऑक्सिपिटल कॉर्टेक्सला रेटिनाचा थेट तंतू मिळत नाही, अग्रमेंदूच्या तळाशी असलेल्या थॅलॅमस या स्थानकावर गाडी बदलावी लागते. तिसरी, तारा जातात कुठे: दोन्हींच्या खालच्या थरांतून जाड पेशी मेंदूच्या देठाकडे तंतू पाठवतात आणि डोळा, मान, धड वळवतात.

वर बघायचे, खाली वळवायचे, आणि दोन्ही नकाशे एकावर एक बसवलेले. या जागेचे सूत्र एवढेच आहे, आणि ते फार जुने आहे. लॅम्प्री या जबडा नसलेल्या, वाम माशासारख्या दिसणाऱ्या प्राण्याची शाखा आपल्या शाखेपासून ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली. त्याच्या टेक्टममध्येही थर आहेत, रेटिनाचा नकाशा आहे, आणि ठरावीक ठिकाणी वीज दिली की डोळे आणि अंग ठरावीक दिशेला वळतात. १८७० मध्ये आडाम्यूक यांनी सस्तन प्राण्यांच्या याच टेकाडाला विजेचा धक्का देऊन डोळे फिरताना पाहिले. शंभर वर्षांनी माकडात बारीक इलेक्ट्रोड घालून तोच नकाशा अंशाअंशाने मोजला गेला.

बेडकाकडे परत येतो, कारण या विषयातली अर्धी गंमत त्याच्यातच आहे. १९४० च्या दशकात रॉजर स्पेरी यांनी बेडूक आणि न्यूट (शेपटी असलेला उभयचर) यांची दृष्टिचेता तोडली आणि डोळा १८० अंशांत उलटा फिरवून बसवला. उभयचरांत ही चेता पुन्हा वाढते. वाढली, दृष्टी परत आली, पण माशी वर असली की बेडूक खाली झेपावू लागला. शिकून सुधारला नाही, तो कायमचा उलटाच राहिला. म्हणजे रेटिनाच्या प्रत्येक तंतूला टेक्टममधली आपली जागा आधीपासून ठाऊक होती. डोळा फिरला तरी तंतू जुन्याच पत्त्यावर गेले. त्या पत्त्यांची रसायने, एफ्रिन नावाची प्रथिने, १९९५ मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या टेक्टममध्ये सापडली, आणि उंदराच्या कॉलिक्युलसमध्येही तीच कामाला असतात. समजातपणाचा, म्हणजे दोन्ही भाग एकाच पूर्वजाकडून आल्याचा, याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

१९७३ चा डेव्हिड इंगल यांचा प्रयोग मी दर वर्षी फळ्यावर काढायचो. त्यांनी बेडकाचा एका बाजूचा टेक्टम काढला. मूळचे तंतू विरुद्ध बाजूला जातात. आता तिथे घरच उरले नव्हते, म्हणून ते वाढताना शिल्लक राहिलेल्या दुसऱ्या टेक्टममध्ये घुसले. निकाल असा: किडा उजवीकडे दाखवला तर बेडूक डावीकडे, आरशातल्यासारखा झेपावायचा. पण त्याच डोळ्यासमोर जाळीचा अडथळा ठेवला तर तो बरोबर बाजूने वळसा घालून उडी मारायचा. अडथळा टाळण्याची वाट टेक्टमच्या पुढच्या प्रीटेक्टम भागातून जाते आणि तिला धक्का लागलेला नव्हता. बेडकासारख्या ‘साध्या’ प्राण्यातही बघणे हे एक काम नाही. किडा पकडायचे बघणे वेगळे आणि भिंत चुकवायचे वेगळे. तुमच्या प्रश्नात ‘बघण्याचे काम अमुक ठिकाणी चालते’ असे जे गृहीत आहे, ते इथेच सुटते. बघण्याला एकच गाव नसते.

आता थर. सस्तन प्राण्यांत सात मोजतात, वरचे तीन निव्वळ दृष्टीचे, खालचे चार मिश्र आणि हालचालीचे. पक्ष्यांत काहालच्या मोजणीने पंधरा, रेटिनाचे तंतू सातव्यापर्यंत उतरतात, आणि तेराव्या थरातल्या मोठ्या पेशी पुढे थॅलॅमसच्या रोटंडस केंद्रकाकडे (पेशींच्या पुंजक्याकडे) माल पाठवतात. कबुतर बघते ते मुख्यतः याच वाटेने. पक्ष्याचा टेक्टम माथ्यावर नसतो. मोठा मेंदू आणि लहान मेंदू यांच्या दाबाने तो दोन्ही बाजूंना, खाली ढकललेला असतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी कबुतराच्या स्लाइडवर मी तासभर टेक्टम वर शोधत बसलो होतो. बाजूला दोन चंद्रकोरी दिसत होत्या, त्या काय असाव्यात असा विचार करत! प्रयोगशाळेतल्या मामांनी, ज्यांनी शेकडो स्लाइड्स रंगवल्या होत्या, शेवटी बोट दाखवले.

थर जास्त म्हणजे प्राणी वरचढ, असे मात्र समजू नका. सॅलॅमँडर या शेपटीवाल्या उभयचराचे उदाहरण घ्या. त्याच्या टेक्टममध्ये बहुतेक पेशी आतल्या पोकळीजवळ एकाच जाड पट्ट्यात गोळा झालेल्या असतात. बेडकात त्याच पेशी नीट थरांत मांडलेल्या दिसतात. जुनी पुस्तके सॅलॅमँडरची ही मांडणी मूळ, आदिम म्हणून दाखवायची. पण लॅम्प्रीत थर आहेत, माशांत आहेत, बेडकात आहेत, मग मध्येच सॅलॅमँडरमध्ये नाहीत, याचा सरळ अर्थ ते होते आणि नंतर विरले. सॅलॅमँडरच्या पेशीतला डीएनए प्रचंड, त्यामुळे पेशी मोठ्या, कमी आणि सावकाश वाढणाऱ्या. मेंदूची घडण अर्ध्यावर थांबल्यासारखी राहते. आणि हा अर्धवट वाटणारा टेक्टम घेऊन काही सॅलॅमँडर जीभ बाणासारखी फेकून उडता किडा अचूक टिपतात. आपल्या सह्याद्रीतले देवगांडूळ हाही उभयचरच, पण मातीत राहणारा. त्याचे डोळे नावापुरते, आणि रेटिनाकडून टेक्टमकडे जाणारे तंतूही तसेच तुटपुंजे.

टेक्टम केवळ डोळ्याचा आहे, हा दुसरा गैरसमज, आणि त्यावर उतारा म्हणजे साप. कोकणात, आंबोलीच्या बाजूला चापडा पाहिला असेल तर त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामधला खळगा आठवा. त्या खळग्यातला पातळ पडदा उष्णता टिपतो. त्याचा निरोप दृष्टिचेतेने जात नाही, चेहऱ्याच्या संवेदनेच्या ट्रायजेमिनल चेतेने जातो, पश्चमेंदूत थांबतो, आणि शेवटी टेक्टममध्येच येतो. अमेरिकेतल्या रॅटलस्नेकवर हार्टलाइन आणि सहकाऱ्यांनी १९७८ पासून हे मोजले. डोळ्यांचा नकाशा वर, उष्णतेचा त्याच्या खाली, आणि दोन्हींतल्या दिशा जुळलेल्या. काही पेशी दोन्ही निरोप एकदम आले तरच बोलतात, काहींना कोणताही एक आला तरी चालतो, काही एकावर बोलतात पण दुसऱ्याने त्यांचा आवाज चढतो. अंधारात उंदीर ‘दिसतो’ तो असा.

गव्हाणी घुबडात तेच कानाचे. घुबड ऐकून दिशा ठरवते, आणि तो ऐकण्याचा नकाशा टेक्टममध्ये दृष्टीच्या नकाशावर बसतो. एरिक नुडसेन यांनी घुबडाच्या पिलांना प्रिझमचे चष्मे लावले, जग सुमारे २३ अंश बाजूला सरकवले. काही आठवड्यांत कानाचा नकाशा डोळ्याच्या मागे सरकला. स्पेरीचा बेडूक शिकला नव्हता, घुबडाचे पिलू शिकले. याचे कारण ‘पक्षी हुशार’ एवढेच सांगून थांबू नका. बेडकात डोळा ते टेक्टम ही तार रसायनाने ठरलेली होती. घुबडात बदलली ती कानाकडून येणारी तार, आणि तिच्यासाठी डोळाच मास्तर होता.

सस्तन प्राण्यांत आल्यावर आकाराचा प्रश्न येतो. माणसाचे सुपीरियर कॉलिक्युलस वाटाण्याएवढे. उंदराच्या रेटिनातल्या ८५ ते ९० टक्के गँग्लियन पेशींचे (डोळ्यातून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या पेशींचे) तंतू कॉलिक्युलसला जातात. माकडात सुमारे १० टक्के. उरलेला मोठा वाटा थॅलॅमसमधून कॉर्टेक्सकडे. इथे विद्यार्थी लिहितात की ‘कॉर्टेक्सने टेक्टमचे काम काढून घेतले’. मला हे वाक्य आवडत नाही. माकडाच्या कॉलिक्युलसला डोळ्याकडून वाटा कमी आला, पण कॉर्टेक्सकडून भरपूर तंतू उतरू लागले. साहेब बदलले, खुर्ची तीच राहिली. आता हे वाक्य वाचताना तुमची नजर सेकंदाला साधारण तीन उड्या मारते आहे, आणि प्रत्येक उडीत हे टेकाड सामील आहे. १९८० मध्ये शिलर आणि सहकाऱ्यांनी माकडात फक्त कॉलिक्युलस काढले, नजर थोडी बिघडली, मग सावरली. फक्त कॉर्टेक्समधला नजर फिरवणारा भाग काढला, तेव्हाही तसेच. दोन्ही काढले तेव्हा मात्र नजरेच्या उड्या जवळजवळ संपल्या.

मांजरातला स्प्रेग यांचा १९६६ चा प्रयोग तर याहून चक्रावणारा. एका बाजूचा दृष्टीचा कॉर्टेक्स काढला की मांजर समोरच्या अर्ध्या जगाला आंधळे होते. त्यानंतर विरुद्ध बाजूचे कॉलिक्युलस काढले, म्हणजे आणखी इजा केली, तर आंधळ्या बाजूचे बरेच बघणे परत आले! कॉर्टेक्सचा आधार गेल्यामुळे एक कॉलिक्युलस दुबळे पडले होते आणि दुसरे त्याला दाबून ठेवत होते. म्हणजे ते आंधळेपण निव्वळ कॉर्टेक्स गेल्यामुळे नव्हते.

आकार कोणत्या प्राण्यात किती, याचे उत्तर वंशाच्या शिडीवर सापडत नाही. दिवसा झाडावर धावणाऱ्या करड्या खारीचे कॉलिक्युलस तिच्याच अंगाच्या रॅटच्या सुमारे १० पट असते. दोघेही कृंतक, म्हणजे कुरतडणारे प्राणी. तिसरा कृंतक, पूर्व भूमध्य भागातला आंधळा मोल-रॅट, जन्मभर बिळात राहतो, डोळा कातडीखाली, एक मिलिमीटरहून लहान. त्याच्या कॉलिक्युलसचा दृष्टीचा भाग पार आक्रसला आहे. पण दिवसरात्रीचे घड्याळ सांभाळणारे केंद्रक, ज्यालाही डोळ्याचेच तंतू लागतात, ते शाबूत आहे. उजेड आहे की नाही एवढे कळले की त्याला पुरते.

जागेच्या आतली वाटणीही पाहण्यासारखी आहे. उंदीर-रॅट वर्गात कॉलिक्युलसची मध्याकडची पट्टी आकाशाकडचे जग बघते, बाहेरची पट्टी जमिनीकडचे. आकाशातून येते ती घार, जमिनीवर असतो तो दाणा किंवा झुरळ. मध्याकडच्या पट्टीला चेतवले तर प्राणी दचकतो, पळतो. बाहेरच्या पट्टीला चेतवले तर त्या दिशेला तोंड वळवतो. तंतूही वेगळे: वळणारे मध्यरेषा ओलांडून जातात, पळवणारे त्याच बाजूला राहतात. डोक्यावर वाढत जाणारी काळी सावली दाखवली की प्रयोगशाळेत जन्मलेला, कधी घार न पाहिलेला उंदीरही धूम ठोकतो किंवा थिजतो.

एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आमच्या धंद्यातली आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांत एका कॉलिक्युलसला विरुद्ध डोळ्याची अख्खी रेटिना मिळते. प्रायमेट, म्हणजे माकडे आणि माणूस यांचा गट, वेगळे आहेत: त्यांच्यात एका कॉलिक्युलसवर समोरच्या जगाचा फक्त विरुद्ध अर्धा भाग उमटतो. १९८६ मध्ये जॅक पेटिग्र्यू यांनी फळखाऊ मोठ्या वटवाघळांत हाच प्रायमेटी नमुना सापडल्याचे मांडले आणि म्हटले की वडापिंपळावर लटकणारी ही वटवाघळे इतर वटवाघळांची नातलग नसून माकडांची आहेत. मी तेव्हा नुकता शिकवायला लागलो होतो, आणि आठवडाभर वर्गात दुसरे काही बोललो नाही. पुढे राउसेटस या दुसऱ्या फळखाऊ वटवाघळात तो नमुना मिळाला नाही. मग डीएनए आला. सगळी वटवाघळे एकाच कुळातली निघाली, इतकेच नव्हे, आवाजावर उडणारी हॉर्सशू वटवाघळे इतर कीटकखाऊ वटवाघळांपेक्षा फळखाऊंच्याच जवळची ठरली. मेंदूतली एक वाट, कितीही देखणी असली तरी, एकटीच्या बळावर वंशावळ उलटवायला पुरत नाही.

शार्कचेही ऐका. माशात बघणे म्हणजे टेक्टमच, असे धरून चालायचे. १९७३ मध्ये नर्स शार्कचा टेक्टम काढून पाहिला, तर शार्क आकृत्यांमधला फरक ओळखत होताच. थॅलॅमसमधून अग्रमेंदूकडे जाणारी दृष्टीची वाट शार्कमध्येही आहे. म्हणजे ऑक्सिपिटल कॉर्टेक्सकडे नेणाऱ्या वाटेचा पूर्वज टेक्टममध्ये शोधू नका. तो टेक्टमच्या शेजारी, वेगळा, तेव्हापासूनच उभा होता. सस्तन प्राण्यांनी तो फुगवला. पक्ष्यांनीही आपल्या परीने फुगवला, घुबडात तो मोठ्या मेंदूच्या माथ्यावर उंचवटा होऊन दिसतो.

परीक्षेत लिहिताना ‘बेडकाचा ऑप्टिक लोब माणसाच्या सुपीरियर कॉलिक्युलसशी समजात’ असे स्वच्छ लिहा, ऑक्सिपिटल लोबचे नाव त्या ओळीत येऊ देऊ नका. स्लाइड ओळखताना मधली अरुंद पोकळी, ॲक्विडक्ट, शोधा. तिच्या खाली तिसऱ्या चेतेचे केंद्रक दिसले की वरच्या बाजूला जे आहे ते सस्तन प्राण्यात सुपीरियर कॉलिक्युलस. पक्षी असेल तर नजर बाजूला न्या, माझ्यासारखा तास घालवू नका.

विच्छेदन बंद झाल्यापासून मुलांना मेंदू बघायला मिळत नाही ही तक्रार खरी आहे, पण मेंदू बघायला परवाना लागतोच असे नाही. बाजारातून बांगडा आणला की डोके फेकू नका. धारदार सुरीने डोळ्यांच्या वरच्या पातळीत कवटीचे छप्पर पापुद्र्यासारखे सोलून काढा, थोडी चरबी कापसाने टिपा. पुढे अग्रमेंदूचा छोटा ठिपका, मागे लहान मेंदू, आणि मधोमध सगळ्यांत मोठे, पांढरट, गोल असे जे दोन फुगे दिसतील, तोच टेक्टम. शेजारी बकऱ्याचा भेजा ठेवा.